बुडापेस्ट, मार्गे मुदखेड

बुडापेस्ट
४ फेब्रुवारी २०२४

राजी,

पत्र पाहून दचकू नको. कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही. नांदेडच्या पोस्टात तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले, आता स्वतःची पत्रं लिहायची हौस आली आहे, इतकंच. शिवाय फोनवर तू बोलतेस तेव्हा मागं मंजुश्रीचा कुकर, उमाशंकररावांचा खोकला आणि टीव्हीवरची मालिका असे सगळे एकदम बोलतात. तुझ्या सुनेचा आणि नवऱ्याचा आवाज मला ऐकायचा नसतो. पत्रात तरी तू एकटी येशील.

कामाचं सांगते. मे महिन्यात इकडे ये. मुलगा अश्वजित आणि सून लुंबिनी दोघंही कामावर जातात, नात शाळेत जाते, आणि तुझी ही मैत्रीण दीड वर्ष झालं, खिडकीत बसून डॅन्यूब नदी पाहते. डॅन्यूब! डी.एड.च्या वसतिगृहात रात्री युरोपचा नकाशा भरताना तू तिच्यावर निळी शाई सांडली होतीस आणि वॉर्डनला म्हणाली होतीस, "पूर आला बाई." तेव्हा म्हणाली होतीस की आपण दोघी एक दिवस तिथं जाऊ. पुढं जळकोटच्या शाळेत तू त्याच नदीवर छडी आपटून पोरांना राजधान्या पाठ करायला लावल्यास. ती नदी एकदा येऊन बघ. इतकी वर्षं मार खाल्लाय तिनं, तिची विचारपूस तरी कर.

सबबी सांगायच्या असतील तर एकाच पत्रात सगळ्या सांग. हप्त्या-हप्त्यानं नको.

तुझी,
माया


जळकोट
२६ फेब्रुवारी २०२४

माये,

तुझं पत्र घेऊन पोस्टमन आला तो दारातून हलेना. परदेशी तिकीट बघून म्हणाला, "मॅडम, आत काय हाय ते सांगा तरी." त्याला चहा पाजून वाटेला लावला. आता गावात बातमी आहे की केंद्रे बाईंना युरोपातून बोलावणं आलं.

सबबी सगळ्या लिहिते. एक, मला इंग्रजी बोलता येत नाही. दोन, गुडघे. तीन, तिथं थंडी. चार, ह्यांचं जेवणखाण. ही चौथी मी ह्यांच्यासमोर मोठ्यानं म्हणून पाहिली, तर म्हणतात, "जा की. मी काय लहान हाय का? मंजुश्री हाय, बालाजी हाय, मी हाय." इतक्या चटकन जा म्हणाले की मलाच वाईट वाटलं.

पाचवी सबब अशी की दिवेलागणीला देवापुढं दिवा लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुमच्या घरात ते चालेल का, हे विचारायला हवं. अवघडून हो म्हणू नको.

खरं सांगू? यायचं आहे. सासूबाईंचं वर्ष गेल्या महिन्यात झालं. त्यांच्या माघारी घर मोठं वाटतं आणि मी त्यात उगीच फडकं घेऊन फिरते. जुना गोठा पाडायला काढलाय. तुझी एक वस्तू माझ्याकडे आहे, ती मला हातानं द्यायची आहे. काय ते विचारू नको.

तुझी,
राजी


बुडापेस्ट
२० मार्च २०२४

राजी,

पाचही सबबी वाचल्या आणि नामंजूर केल्या. इंग्रजी इथं कुणालाच धड येत नाही, त्यामुळं तू आणि हे लोक बरोबरीत आहात. दिव्याचं म्हणशील तर देव आण, दिवा आण, आमचे तथागत कुणाच्या उजेडाला हरकत घेत नाहीत. फक्त उदबत्ती आणू नको. इथं छताला एक यंत्र आहे, धूर लागला की बोंब मारतं. मी पहिल्याच आठवड्यात मिरचीची फोडणी दिली आणि खालच्या मजल्यावरची म्हातारी मांजर घेऊन रस्त्यावर पळाली.

हैदराबादच्या विमानतळावर तुझ्यासाठी व्हीलचेअर सांगितली आहे. लाजायचं नाही. इंग्रजी न बोलता विमान बदलायचा तो एकच रस्ता आहे. फक्त बसल्यावर थोडं कण्हत जा.

माझी वस्तू काय असेल यावर विचार केला. एक तर काळा मसाला, नाहीतर वाळवलेली अंबाडी. तिसरी शक्यता म्हणजे मानसशास्त्राच्या पेपरला तू माझं पेन घेतलंस ते. पेन असेल तर दंडासह आण.

तुझी,
माया


जळकोट
९ जून २०२४

माये,

सुखरूप पोचले. व्हीलचेअरवरच्या पोरीनं इतकं मायेनं ढकललं की उतरताना कण्हायचं विसरले आणि तरातरा चालत बाहेर गेले. ती बघतच राहिली.

इथं रोज कुणी ना कुणी माझा युरोप ऐकायला येतं. शेजारची लक्ष्मम्मा तर दोनदा आली. "राणीला पाहिलास काय वो?" मी म्हटलं, त्या देशात राणी नाही. ती म्हणाली, "मग एवढ्या लांब कशाला गेलीस अम्मा?"

भुयारी रेल्वेच्या सरकत्या जिन्याचं तू अश्वजितला काय सांगितलंस ते मला लुंबिनीनं सांगितलं. माझी बाजूही ऐक. तो जिना नाही, विहीर आहे. खाली टोक दिसत नाही आणि पायऱ्या पळत सुटलेल्या. मी माणुसकीनं मागच्या लोकांना "तुम्ही व्हा पुढं" म्हणत होते, आणि तू खाली पोचून टाळ्या वाजवत होतीस. अकरा माणसं पुढं गेली हे खरं, बारावा तो बाप्या माझा दंड धरून घेऊन गेला. साठी उलटल्यावर परक्या पुरुषाचा हात धरायची वेळ तू माझ्यावर आणलीस. ह्यांना सांगितलं तर हसून हसून ठसका लागला.

गरम पाण्याच्या हौदाचं मात्र मान्य करते. उनकेश्वरला लहानपणी आईसोबत गेले होते, तसंच ते पाणी, तसाच वास. पण उनकेश्वरला पाण्यात बसून बुद्धिबळ खेळणारे म्हातारे नव्हते आणि मला तो पोहायचा पोशाखही घालावा लागला नव्हता. त्यावर मी ओढणी घेतली तर तू म्हणालीस, "राजी, पाण्यात पदर कुणाला दाखवतीस?" ओढणी तरंगत त्या म्हाताऱ्यांच्या पटावर गेली, त्यात माझा दोष नाही. वाऱ्याचा आहे.

आणि तुमचा तो सूर्य! रात्रीचे साडेआठ वाजले तरी जायचं नाव नाही. मी दिवा हातात घेऊन संध्याकाळची वाट बघत बसायची आणि तुझी नात मला विचारायची, "आजी, आज पण उजेडच हाय का?" बुद्धपौर्णिमेला तुझ्या घरी मी खीर केली, ती तू तीन वाट्या खाल्लीस. हे लिहून ठेवते, नंतर नाकबूल करशील.

शेवटून दुसऱ्या दिवसाचं मात्र मनातून जात नाही. दोन नंबरच्या ट्राममधून उतरलो, तू नातीसाठी खाऊ घ्यायला थांबलीस आणि मी नदीकडे गेले. काठावर ओळीनं चपला-बूट काढून ठेवलेले. बायकांचे, बाप्यांचे, एक-दोन अगदी लहान. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, इथली माणसंही नदीच्या पाया पडताना पायातलं काढतात, आपण गोदावरीला काढतो तसं. मीही चपला काढल्या, ओळीत नीट लावल्या, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. शेजारचा एक लहान बूट वाकडा पडला होता, तो सरळ करायला वाकले, तर हलेना. लोखंडाचा होता.

मग तू आलीस आणि सांगितलंस. महायुद्धात ज्यू लोकांना इथं उभं करून आधी पायातले बूट काढायला लावले आणि मग गोळ्या घालून नदीत ढकललं. मी विचारलं, परक्या सैन्यानं ना? तू म्हणालीस, "न्हाई गं. मारणारे इथलेच, याच देशाचे. शेजारपाजारचे." त्यानंतर मला चपला घालवेनात. तू खाली बसून माझ्या पायात घातल्यास.

त्या दिवशी बाकावर बसून तुला काही सांगायचं ठरवून आले होते. पिशवीही सोबत घेतली होती. राहून गेलं.

तुझी,
राजी


बुडापेस्ट
१ जुलै २०२४

राजी,

खीर दोन वाट्या खाल्ली. तिसरी चाखली.

नदीकाठचं तू अर्धंच लिहिलंस, कारण अर्धं तुला दिसलं नाही. तू डोळे मिटून हात जोडून उभी होतीस तेव्हा मी मागं खाऊची पुडी घेऊन उभी होते. तुझं बघून एका गोऱ्या बाईनं बूट काढले. मग तिच्या नवऱ्यानं. मग काठी घेतलेल्या एका आजोबांनी, त्यांना वाकायला त्रास होत होता तरी. त्यांना वाटलं असणार, ही बाई जाणकार आहे, इथली रीत हिला ठाऊक आहे. दीड वर्षात मी तिथं वीस वेळा गेले असेन. माझ्या पायातलं कधी निघालं नाही. म्हणून तुला लगेच हाक मारली नाही.

आता मुद्द्याचं. तू आणलेलं ज्वारीचं पीठ संपत आलं म्हणून परवा मोठा डबा पुढं ओढला. मागं, भिंतीला टेकवून, एक स्टीलचा कडीचा डबा. झाकणाच्या कडेला पोचा. पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं नाव: कोंडाबाई व्यंकटी सोनकांबळे, मुदखेड. आत शेंगदाण्याच्या नऊ पोळ्या. निघायच्या दिवशी पहाटे मी नातीला आवरत होते तेव्हा स्वयंपाकघरातून गुळाचा वास येत होता, त्याचा उलगडा झाला. मला म्हणाली होतीस, "वाटेत खायला करून राहिले."

हा माझ्या आईचा डबा. बालाजीच्या वेळी तुला आईच्या हातच्या शेंगपोळीचे डोहाळे लागले, तू तसं पत्र लिहिलंस, आणि मी मुदखेडहून जळकोटला पोळ्या घेऊन आले, तोच. १९८४ साल. त्यानंतर तू कळवलंस की पोळ्या छान झाल्या होत्या, दोन खाल्ल्या, पण डबा पोरांनी खेळता खेळता हरवला.

जळकोटला हरवलेला डबा चाळीस वर्षांनी बुडापेस्टला भरून सापडतो, इतकी दिरंगाई आमच्या खात्यातही कधी झाली नाही. विलंबाचं कारण लेखी कळवावे. हातानं द्यायचा म्हणालीस आणि पिठामागं लपवून पळालीस, त्याचंही.

एक पोळी खाल्ली. आठ बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या आहेत. तुझं उत्तर येईपर्यंत हात लावणार नाही.

माया


जळकोट
३ ऑगस्ट २०२४

माये,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. चौथं आहे. यात शुद्धलेखन बघू नको.

डबा हरवला नव्हता.

तू आलीस तेव्हा सासूबाईंनी तुला ओसरीच्या खाली खाट टाकून दिली. चहा कपात न देता काचेच्या ग्लासात दिला, आणि तो ग्लास तू गेल्यावर कोनाड्यात वेगळा ठेवला. हे तुला दिसलंच. तू एसटीची वेळ झाली म्हणून उठलीस. मी डबा घेऊन आत वळले तर त्या म्हणाल्या, "आत आणू नगं. गोठ्यात ठिव." मी ठेवला. त्यांनी उघडून पोळ्या म्हशीच्या गव्हाणीत टाकल्या. मी पाचव्या महिन्यात होते, तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि मी बघत उभी राहिले. आमचे हे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही.

एक पोळी तरी उचलायला हवी होती, माये. मी एकही खाल्ली नाही. दोन खाल्ल्या म्हणून तुला लिहिलं ते खोटं.

डबा सासूबाईंनी गोठ्याच्या आढ्याला टांगला आणि त्यात खिळे, दाव्याचे तुकडे ठेवले. तो हरवला असता तर बरं झालं असतं. मी रोज सकाळ-संध्याकाळ म्हशीखाली बसायची आणि समोर तुझ्या आईचं नाव दिसायचं. शाळेत मी पोरांना नागरिकशास्त्र शिकवत होते. घरी येऊन धार काढताना मान खाली घालत होते. सासूबाईंची भीती होती हे खरं, पण पुढं त्या थकल्या, पंधरा वर्षं मीच घर चालवलं, तेव्हाही काढला नाही. तेव्हा भीती त्यांची नव्हती. काढला तर तुला सांगावं लागलं असतं.

त्या गेल्यावर काढला, चिंच लावून घासला. तुझ्याकडे येऊन, नदीकाठी बसून, सगळं सांगून हातात द्यायचा असं ठरवून आले. आणि पहिल्याच दिवशी तुझ्या फडताळात मिठाचा डबा दिसला. तोच. तेच नाव, तोच पोचा. क्षणभर वाटलं, माझ्या पिशवीतला डबा हिनं काढून तिथं ठेवला. पिशवी उघडून बघितली, तर तो पिशवीतच. मला काही उलगडेना आणि विचारायची हिंमत होईना. तीन आठवडे तू राजवाडे दाखवलेस, पूल दाखवले, आणि मी पिशवीत तो डबा घेऊन तुझ्यामागं फिरले. तू विचारायचीस, "एवढं काय भरलंय गं?" मी म्हणायची, पाणी.

शेवटी नदीकाठी सांगायचं ठरवलं, तर ते बूट. तू "शेजारपाजारचे" म्हणालीस आणि मी पिशवीचं तोंड परत आवळलं.

मी तुझ्या आईशी वाईट वागले. कोंडाबाई दर रविवारी मला वसतिगृहातून बोलावून जेवायला घालायच्या, रेल्वेच्या त्या दोन खोल्यांत स्वतः मागं राहून मला आधी वाढायच्या. त्या वारल्या तेव्हा मी मुदखेडला आले, पाया पडले, आणि तेव्हाही बोलले नाही. याची मला लाज वाटते. तू नाराज झालीस तर ते बरोबरच आहे. पत्र लिहिलं नाहीस तरी समजेन.

राजकन्या


बुडापेस्ट
२५ ऑगस्ट २०२४

राजी,

पूर्ण नाव लिहून सही करायला हा काही पगारपत्रकाचा कागद नाही.

मला माहीत होतं. त्या दिवशी एसटी चुकली. पुढची कधी आहे ते विचारायला मी परत फिरले आणि तुमच्या गोठ्याच्या बाजूनं आले. म्हैस पोळी खात होती. मी तशीच मागं वळले आणि स्टँडवर तीन तास बसले. तू दारात पाठमोरी उभी होतीस, त्यामुळं तुला कळलं नाही.

राग आला होता, राजी. खूप. त्यानंतर दोन वर्षं मी तुला पत्र टाकलं नाही. तू सगळ्यांना सांगत होतीस, मायाला नवी नोकरी आहे, गडबड असेल. गडबड काही नव्हती. पोस्टात बसून मला आंतरदेशीय पत्र मिळत नव्हतं का?

पण घरी आई होती. डबा रिकामा परत येत नाही, भरून येतो, हे तिला सूर्य उगवतो इतकं ठाऊक होतं. दर आठवड्याला विचारायची, "डबा आला का गं माये? काय घालून धाडलं पोरीनं?" मी म्हणायची, येईल. सहा महिने झाले, आठ झाले. तिला काय सांगू? रेल्वेच्या रुळावर आयुष्यभर खडी वाहिलेली बाई, तिला हे काही नवीन नव्हतं. तिला नवीन होतं ते तुझं आमच्या ताटात जेवणं. ते मला मोडवेना.

मग मी नांदेडला वजिराबादेत जाऊन तसाच डबा घेतला. नाव घालणाऱ्याकडून तेच नाव घालून घेतलं. आईला वाचता येत नव्हतं, पण पोचा तिला हातानं ठाऊक होता, म्हणून पोस्टाच्या मागं बसून दगडानं तसाच पोचा पाडला. शेंगपोळ्या मी स्वतः केल्या, डब्यात भरल्या आणि घरी नेऊन दिला. म्हटलं, राजीनं पाठवला.

आईनं डबा हातात घेऊन उलटासुलटा केला. पोच्यावरून अंगठा फिरवला. एक पोळी मोडून खाल्ली आणि म्हणाली, "गूळ जरा कमी पडलाय. पन पोरगी गुनाची हाय." तिला कळलं होतं का, मला माहीत नाही. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. मरेपर्यंत तिच्या हिशोबी तू डबा भरून परत पाठवलेली पोरगी होतीस. आणि नावं मात्र माझ्या पोळ्यांना पडली, कौतुक तुझ्या नावावर. याचा मला अजून राग आहे.

तो मिठाचा डबा तू येणार म्हणून मी मुद्दाम फडताळात पुढं ठेवला होता. म्हटलं, बघू विचारते का. तीन आठवडे वाट पाहिली. तू दोनदा त्यातलं मीठ घेतलंस आणि भाजी खारट केलीस, पण विचारलं नाहीस. तुझ्या पिशवीत पाणी नाही हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पाण्याची पिशवी कुणी छातीशी धरून बसत नाही. राजधानी बघायच्या नावाखाली आपण दोघी एकमेकींची वाट बघत फिरलो, नुसत्या.

माफ केलं असं मी लिहिणार नाही. ते आईनं करायचं होतं, आणि तिला कुणी विचारलंच नाही. पण तू खाटेचं, ग्लासाचं, गव्हाणीचं तुझ्या हातानं लिहिलंस. उमाशंकररावांचा पेपरही लिहिलास. तू यातलं काही गोड करून लिहिलं असतंस, तर हे पत्र तुला आलं नसतं.

पोळ्या बाहेर काढून गरम केल्या. अश्वजित, लुंबिनी, नात, सगळ्यांनी खाल्ल्या. गूळ बरोबर पडला आहे.

दिवाळीनंतर मी नांदेडला येते. तिथून जळकोटला येईन. ओसरीच्या खाली बसणार नाही. स्वयंपाकघरात, चुलीपाशी बसेन, आणि चहा उमाशंकररावांच्याच कपात पिईन. हे त्यांना आधीच वाचून दाखव. खरा डबा घेऊन येते. त्यात काय भरून आणू ते कळव. रिकामा डबा घेऊन कुणाच्या दारात जायची आमच्या आईची रीत नव्हती.

माया


जळकोट
१६ सप्टेंबर २०२४

माये,

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. सगळं. पेपरचं आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "चहा मी करतो. तिला सांग." चाळीस वर्षांत त्यांनी कधी गॅस पेटवलेला नाही. चहा कसा होईल याची जबाबदारी मी घेत नाही, पण प्यावा लागेल.

गोठा पाडला. म्हशीची गव्हाण गुरुपादप्पा मिस्त्री विचारत होता, ठेवायची का, फुलझाडं लावायला बरी आहे. मी फोडायला लावली.

मिठाच्या डब्यातून भाजी खारट झाली म्हणतेस, तर डोळे मिठावर नव्हते, डब्यावरच्या नावावर होते, म्हणून जास्त पडलं. ते तुझ्याच मुद्दाम ठेवण्याचं फळ आहे. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवू नको.

शेंगदाणे नवे आले की घेऊन ठेवते. गूळ बालाजी औशाहून आणणार आहे. तुझ्यासाठी पाट चुलीच्या उजव्या हाताला मांडीन, तिथं बाहेरच्या दाराचा वारा लागत नाही. सासूबाई तिथं बसायच्या.

डब्यात काय भरून आणू विचारलंस. काही आणू नको. रिकामा आण. तुझ्या आईची रीत मोडतेस असं मनात आणू नको, भरायची पाळी माझी आहे, चौऱ्याऐंशी सालापासून.

आणि गूळ घालताना तू शेजारी बस. पुरे कधी ते तू सांग. कोंडाबाई नाहीत आता सांगायला.

तुझी,
राजी